बाजारबुणगे आणि गेलाडा

आमच्या ऑफिसात एक काका आहेत. मूळचे उरणकडचे. बंदराच्या गेटवर कुठला ट्रेलर आत घ्यायचा आणि कुठला रांगेत थांबवायचा हे बघणाऱ्या टीममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. २०२३च्या जानेवारीत मी रजा टाकली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं चाललीस गं पोरी?"

"इथिओपियाला. माकडं बघायला."

काकांनी काही न बोलता खिडकीबाहेर बोट दाखवलं. न्हावा-शेव्याहून समोर पाण्यात घारापुरी दिसते. "ती काय तिथं आहेत माकडं. हातातला वेफरचा पुडा पण ओढून घेतील. त्यासाठी विमान कशाला पायजे?"

"काका, ही वेगळी आहेत. ही गवत खातात."

"गवत खातात? मग ती गुरं झाली," असं म्हणून ते चहा आणायला गेले.

मी सॉफ्टवेअर लिहिते. जहाजातून काय उतरलं, कुठल्या डब्यात काय आहे, तो डबा यार्डात कुठे ठेवलाय, कुठल्या ट्रेलरवर चढून किती वाजता बाहेर पडला, अशा नोंदींचं सॉफ्टवेअर. यादीत आहे ते आहे आणि यादीत नाही ते नाही, अशी या कामाची रीत. ही रीत किती जुनी आहे ते मला त्या सहलीमुळे कळलं, म्हणून हा लेख. इतिहास हा माझा विषय नाही. शाळेत इतिहासाच्या पेपरला मी सनावळ्या पाठ करून जायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे.

आधी माकडांविषयी. गेलाडा इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशाबाहेर कुठेही रानात सापडत नाही. साधारण अठराशे मीटरपासून चार हजार मीटरच्याही वर ते राहतं. मुख्यतः गवतावर जगणारं आज जगातलं हे एकच माकड. नराच्या मानेवर आणि खांद्यांवर सिंहासारखी आयाळ असते आणि छातीवर लालभडक, बिनकेसांचा पट्टा. इतर बऱ्याच माकडांत असा रंग पार्श्वभागावर असतो. पण हे दिवसभर बूड टेकूनच चरतं, मग तो रंग कुणाला दिसणार? म्हणून तो छातीवर आला, असं अभ्यासक म्हणतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत गवताची एकेक काडी धरून उपटायची, मूठ भरली की तोंडात टाकायची, आणि न उठता बुडावरच पुढे सरकायचं. शेतात निंदणी करणाऱ्या बायका जशा बसल्या बसल्या पुढे सरकतात, तसंच. रात्री वाघरू-बिबट्यापासून वाचायला कड्याच्या कपारीत झोपायचं आणि सकाळी ऊन आलं की वर पठारावर यायचं.

आम्हा तिघी मैत्रिणींचा मूळ बेत उत्तरेकडच्या सिमियन पर्वतात जायचा होता. तिथलं राष्ट्रीय उद्यान १९७८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण टिग्रेचं युद्ध थांबवणारा करार होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. घरच्यांनी एवढं ऐकल्यावर पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. शेवटी अदिस अबाबाहून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरच्या देब्रे लिबानोसवर तडजोड झाली. (त्याच वर्षी ऑगस्टपासून अम्हारा प्रदेशात पुन्हा लढाई पेटली. तेव्हा आमचं नशीब बरं म्हणायचं. तिथल्या लोकांचं नाही.)

देब्रे लिबानोसला तेराव्या शतकातला मठ आहे, पण आमची गाडी त्याच्या अलीकडेच थांबली. सपाट पठार, कापणी झालेली शेतं, गाई, पिवळं वाळकं गवत. आणि एकदम जमीनच संपते. खाली जेम्मा नदीच्या खोऱ्याची घळई. मी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाच-सहा वेळा गेले आहे. इथे कड्याशी पोटावर पालथी पडून खाली डोकावले तेव्हा पोटात तोच खड्डा पडला. कातळाचे तसेच काळे थर एकावर एक, मधे तशाच गवताळ पट्ट्या, आणि खालून वर येणारा वारा.

गेलाडा तिथे होते. शंभरावर असतील. आधी आवाज आला: शेजारच्या खोलीत दहा-बारा माणसं हळू आवाजात बोलत असावीत तसा. ते ओठ हलवत एकमेकांशी जे पुटपुटतात त्याचा ठेका माणसाच्या बोलण्याच्या ठेक्याशी जुळतो, असं संशोधकांनी दाखवलं आहे. जानेवारी म्हणजे कोरडा हंगाम, हिरवं पातं नावालासुद्धा नाही. म्हणून सगळे बोटांनी माती उकरून गवताच्या मुळ्या आणि कांदे खात होते. बाजूलाच एक मुलगा गाई राखत होता. माकडं, गाई आणि तो मुलगा यांना एकमेकांचं काही पडलेलं नव्हतं. मी व्हिडिओ काढला. फोटो काढताना मुलगा चौकटीत येत होता, म्हणून थोडी डावीकडे सरकले.

परत आल्यावर मी त्या कड्याविषयी वाचायला लागले. माकडांविषयी नाही, कड्याविषयी, ट्रेकरची खोड. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचे थर. इथिओपियाचं पठारही लाव्ह्याचंच, फक्त निम्म्या वयाचं, सुमारे तीन कोटी वर्षांचं. आणि तिथल्या थरांना पहिल्यांदा नीट नावं देणारा माणूस आपल्याकडून गेलेला निघाला. विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड १८५५मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षणात नोकरीला आला. १८६०च्या दशकात त्याने पश्चिम भारत पालथा घालून दख्खनच्या खडकावर काम केलं. पुढे भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचा एक मूलभूत ग्रंथही त्याने लिहिला. १८७०मध्ये त्याचं ॲबिसिनियाचा, म्हणजे तेव्हाच्या इथिओपियाचा, भूगर्भ आणि प्राणी यांवरचं पुस्तक निघालं. 'अशांगी' आणि 'मॅग्डाला' ही खडकांच्या गटांची नावं त्यातलीच, भूगर्भशास्त्रात ती अजून वापरात आहेत. आयुष्याची काही वर्षं सह्याद्रीच्या काळ्या पायऱ्या मोजत काढलेल्या माणसाला तिकडचा कडा किती ओळखीचा वाटला असेल!

पण हा माणूस तिकडे पोचला कसा? मुंबई बंदरातून निघालेल्या फौजेबरोबर.

ही फौज का निघाली, त्याची सुरुवात एका उत्तर न दिलेल्या पत्रापासून होते. इथिओपियाचा सम्राट दुसरा टेवोड्रोस याने १८६२मध्ये राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. त्याला मैत्री हवी होती. पत्र १८६३मध्ये लंडनला पोचलं. परराष्ट्र खात्याने ते इंडिया ऑफिसकडे सरकवलं आणि तिथे ते पडून राहिलं. ज्यांनी कधी ऑफिसात तिकीट एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे जाताना पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. टेवोड्रोस तापट होता, त्याला हा अपमान वाटला. १८६४च्या जानेवारीत त्याने ब्रिटिश वकील कॅमेरॉन आणि इतर युरोपीय लोकांना बेड्या ठोकल्या. त्यांना सोडवायला वाटाघाटीसाठी आलेल्या होर्मुझ्द रस्सामलाही त्याने पुढे अडकवून ठेवलं. ऑगस्ट १८६७मध्ये लंडनने युद्धाचा निर्णय घेतला आणि काम सोपवलं मुंबईच्या फौजेवर. सेनापती होता बाँबे आर्मीचा प्रमुख रॉबर्ट नेपियर.

आता आकडे बघा. सुमारे तेरा हजार ब्रिटिश आणि हिंदी सैनिक. सव्वीस हजारांच्या आसपास नोकर-चाकर, हमाल, खेचरवाले. चाळीस हजारांवर जनावरं: खेचरं, उंट, बैल, घोडे. तोफा वाहायला चव्वेचाळीस हत्ती. दोनशे ऐंशीपेक्षा जास्त जहाजं. हा सगळा पसारा तांबड्या समुद्राच्या काठी झुला नावाच्या उजाड किनाऱ्यावर उतरवायचा, तिथून सुमारे साडेसहाशे किलोमीटर डोंगर चढून मॅग्डालाच्या किल्ल्यापर्यंत न्यायचा, आणि पावसाळ्याआधी परत आणायचा. लॉजिस्टिक्समध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून घाम फुटेल. मला फुटला.

तेव्हाचं मुंबई बंदर डोळ्यांसमोर आणायचं तर आजच्या क्रेन पुसून टाकाव्या लागतात. ससून डॉक झाला १८७५मध्ये, प्रिन्सेस डॉक १८८०मध्ये. म्हणजे १८६७मध्ये मोठ्या आगबोटी खोल पाण्यात नांगरून असायच्या आणि धक्क्यावरून माल पडावांत, मचव्यांत भरून त्यांच्यापर्यंत न्यावा लागायचा. खेचरंही तशीच, दाणाही तसाच. न्हावा आणि शेवा ही तेव्हा आगरी-कोळ्यांची खाडीकाठची गावं, आजूबाजूला मिठागरं. आमचं बंदर व्हायला अजून एकशेबावीस वर्षं होती. त्याचं काम सुरू झालं ते २६ मे १९८९ला. पण पाणी हेच. माझ्या खिडकीसमोरच्या पाण्यापलीकडूनच ती जहाजं बाहेर पडली असणार.

झुलाला गोडं पाणी नव्हतं. जहाजांवर यंत्रं लावून समुद्राचं पाणी उकळून गाळलं जायचं आणि ते मापाने वाटलं जायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत तिथे नुसता गोंधळ होता. खेचरं आधी पोचली, त्यांना सांभाळणारी माणसं आणि दोर नंतर. शेकडो जनावरं तहानेने आणि रोगाने किनाऱ्यावर मेली. भारतातून रूळ आणि इंजिनं नेऊन किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्याकडे छोटी रेल्वे टाकली गेली, आणि लढाई संपल्यावर ती उखडून परत आणली. नेपियर स्वतः २ जानेवारी १८६८ला झुलाला पोचला. मग सेनाफे, अदिग्रात, अंतालो, अशांगी तलाव, वाडला आणि दलांता पठार, बशिलो नदीची खोल दरी असा रस्ता. या वाटेचा शेवटचा भाग गेलाडाच्या मुलखातला. वोलोच्या याच डोंगरांमधून आणि घळींमधून ते आजही राहतात.

लढाई अगदी थोडक्यात आटोपली. १० एप्रिलला आरोगे इथे टेवोड्रोसची सुमारे सातशे माणसं पडली. नेपियरच्या बाजूचे वीसेक जखमी, त्यांतले दोघे पुढे गेले. १३ एप्रिलला मॅग्डाला पडलं आणि टेवोड्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलं. किल्ला जाळला, हस्तलिखितं आणि मुकुट लुटून नेले. त्याचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू याला इंग्लंडला नेलं. तो १८७९मध्ये, अठरा वर्षांचा असताना तिथेच वारला, विंडसरला पुरलेला आहे. देश जिंकायचाच नव्हता, त्यामुळे फौज आली तशी जूनपर्यंत परत गेली. पुण्याच्या बाँबे सॅपर्सकडे आणि मराठा लाइट इन्फंट्रीकडे युद्धसन्मानांच्या यादीत 'ॲबिसिनिया' हे नाव आजही आहे. बेळगावला माझ्या एका मित्राचे वडील या रेजिमेंटमध्ये होते. त्यांना हा सन्मान ठाऊक होता, पण तो माकडांच्या देशातला आहे हे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे आमच्या काकांसारखंच बघितलं.

खर्च झाला सुमारे नव्वद लाख पौंड. हा कुणी द्यायचा? मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नवरोजी तेव्हा लंडनला होते. फौज अजून निघतच होती तेव्हा, २९ नोव्हेंबर १८६७ला, ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी ॲबिसिनियाच्या युद्धखर्चावर निबंध वाचला. मुद्दा सरळ होता. भांडण ब्रिटनचं, कैदी ब्रिटनचे, इज्जत ब्रिटनची. मग हिंदी सैनिकांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून का? पार्लमेंटने तरीही नेहमीचा पगार भारतावरच टाकला, वरचा खर्च ब्रिटनने उचलला. पुढे संपत्तीच्या निचऱ्याचा जो मोठा हिशेब दादाभाईंनी मांडला, त्याच्या आधीच्या मोजक्या मांडण्यांपैकी ही एक. शाळेच्या पुस्तकात दादाभाई एका परिच्छेदात येतात आणि संपतात. ते असे एकेक बिल घेऊन भांडत होते हे कुणी सांगितलं असतं, तर मला इतिहासात दोन मार्क जास्त पडले असते.

मी अडकले ती सव्वीस हजार या आकड्यापाशी.

फौजेबरोबरच्या या माणसांना मराठीत शब्द आहे: बाजारबुणगे. आपण तो पानिपतामुळे शिकतो, आणि तोही शिवीसारखाच. भाऊसाहेबांच्या फौजेला बाजारबुणग्यांचं लोढणं होतं, म्हणून वेग गेला, रसद संपली, वगैरे. मीही वक्तृत्व स्पर्धेत हे तावातावाने बोलले आहे. पण नेपियरच्या फौजेत एका सैनिकामागे दोन बाजारबुणगे होते, आणि ती मोहीम व्यवस्थापनाचा नमुना म्हणून नावाजली जाते. म्हणजे लोढणं की कणा, ते लढाई कोण जिंकलं यावर ठरतं.

कोण होते हे? खेचरवाल्यांत पंजाबी होते, इजिप्त-तुर्कस्तानाकडून घाईने भरती केलेले होते. मुंबईहून गेलेल्या पलटणींबरोबर भिस्ती, डोलीवाले, आचारी, मोतद्दार, माहूत. तेव्हाच्या हिंदी घोडदळात आणखी एक माणूस ठरलेला असायचा: गवत कापून आणणारा. खुरपं किंवा विळा घ्यायचा, छावणीपासून लांब जायचं, घोड्याला पुरेल एवढा भारा डोक्यावर घेऊन संध्याकाळपर्यंत परतायचं. एवढंच काम, पण रोज.

हा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. फौज चालली ती जानेवारी ते एप्रिल, ऐन कोरड्या दिवसांत. गावकऱ्यांकडून मारिया थेरेसाच्या चांदीच्या नाण्यांवर जव आणि चारा विकत घेतला जायचा, पण एवढ्या जनावरांच्या पोटाला तो कितीसा पुरणार? साहेब रस्त्याने चालत होते. गवत कापणाऱ्याला मात्र रस्ता सोडून उतारांवर, घळीच्या तोंडाशी, कड्याच्या काठावर जावं लागणार. वाळलेल्या हंगामात उरलंसुरलं गवत असतं ते तिथेच. आणि गेलाडाही तिथेच असतात, त्याच गवतासाठी. त्या हजारोंमधून माकडांच्या सर्वांत जवळ कुणी गेलं असेल तर तो हाच. त्यालाही ती पुटपुट ऐकू आली असेल. बूड घासत सरकणारं, मूठ मूठ गवत खाणारं माकड बघून त्याने काय म्हटलं असेल? बहुधा काकांनी म्हटलं तेच.

मोहिमेचा अधिकृत वृत्तांत १८७०मध्ये दोन खंडांत निघाला, हॉलंड आणि होझियर यांचा. मी इंग्रजीत जे वाचलं त्यात अधिकाऱ्यांची नावं आहेत, जहाजांची आहेत. टेवोड्रोसच्या सात टनी तोफेलाही नाव आहे: सेबास्टोपोल. माकडांना तर लॅटिन नाव होतं. एदुआर्द रुप्पेल या जर्मन प्रवाशाने १८३५मध्ये गेलाडाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि 'गेलाडा' हा शब्द तिथल्याच लोकांच्या तोंडून उचलला. १८७१मध्ये डार्विनच्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्येही गेलाडा येतात: डोंगरावरून शेतं लुटायला उतरणारे, आणि वाटेत दुसऱ्या जातीची माकडं भेटली तर वरून दगड लोटणारे. डार्विनने ते ब्रेम या निसर्ग-अभ्यासकाच्या हवाल्याने लिहिलं होतं. म्हणजे मॅग्डालानंतर तीनच वर्षांत ही माकडं जगातल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकांपैकी एकात होती. त्यांच्याच उतारावरून भारा घेऊन उतरणारा माणूस मात्र एका बेरजेत राहिला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये गेटवरच्या नोंदीला वीस-बावीस रकाने आहेत. डब्याचा क्रमांक, सीलचा क्रमांक, वजन, ट्रेलरचा क्रमांक ही सगळी सक्तीची. ड्रायव्हरचं नाव ऐच्छिक. ते ऐच्छिक मीच केलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी. नाव टाइप करायला वेळ लागतो, स्पेलिंग चुकतं, रांग वाढते. सगळे मुद्दे खरे होते. मी त्या मीटिंगमध्ये ते चांगले मांडलेही होते. हे वाचताना मी लॅपटॉप उघडून मागच्या महिन्याच्या नोंदी पाहिल्या. बहुतेक ओळींत तो रकाना कोरा होता.

या पाण्यावरून माणसं काही एकाच बाजूला गेली नाहीत. उलट दिशेचा इतिहास आपल्याला जास्त माहीत आहे, कारण त्यातले काहीजण सत्ताधीश झाले. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मुलगा अहमदनगरात मलिक अंबर झाला. निजामशाही त्याने जवळजवळ एकहाती चालवली, १६१०मध्ये खडकी वसवली. तिला पुढे औरंगाबाद हे नाव मिळालं आणि आता ती छत्रपती संभाजीनगर आहे. जंजिऱ्याचं सिद्दी राज्य १९४८पर्यंत होतं. शिवाजी महाराजांच्या काळात सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला माझगावच्या आसऱ्याला यायचं आणि इंग्रजांना धड नाही म्हणता यायचं नाही. 'हबशी' हा आपला शब्द 'हबश'वरून आला, म्हणजे तोच डोंगराळ मुलूख. एक मलिक अंबर लक्षात राहतो. त्याच्याबरोबर ज्या गलबतातून बाकीची मुलं आली असतील, ती गुलामांच्या बाजारातली आणखी एक बेरीज.

माणसांच्याही आधी धान्य आलं होतं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली, इथिओपिया-युगांडाकडची. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ती समुद्रापार आणली आणि आज ती आपल्या डोंगरातल्या माणसाची भाकरी आहे. तिकडे आम्ही रोज इंजेरा खात होतो, आंबोळीसारखी आंबट, जाळीदार. ती होते टेफपासून, आणि टेफ म्हणजे बारीक बियांचं गवतच. माझ्या मैत्रिणीने तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, की या देशात माकडं आणि माणसं एकच जेवण जेवतात. ती दमली होती, पण चूक नव्हती.

ज्या गवताची एवढी ओढाताण, ते राखणारेही तिथे आहेत. अदिसच्या ईशान्येला मेन्झमध्ये ग्वासा नावाचं उंच कुरण आहे. गावकऱ्यांनी सुमारे चारशे वर्षं ते स्वतःच्या नियमांनी सांभाळलं: काही वर्षं बंद ठेवायचं, मग ठरलेल्या वेळी सगळ्यांना छपरासाठी गवत कापायला मोकळं करायचं. त्यामुळे तिथे गेलाडाही टिकले आणि इथिओपियन लांडगेही. हे लांडगे गेलाडांच्या कळपात निवांत फिरतात, पिल्लांना हात लावत नाहीत आणि उंदीर पकडतात. कळपात असताना त्यांची शिकार दर तीन प्रयत्नांत दोनदा साधते, एरवी चारात एकदा, अशी नोंद २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे गावकुरणं कशी गेली ते पनवेल-उरण पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. मुंबईच्या तबेल्यांना एकेकाळी ठाणे-पनवेलकडून गवत जायचं. आता त्या जमिनीवर डबे रचून ठेवलेत, आणि त्यांचाच हिशेब ठेवून माझं घर चालतं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत उशिरा सापडली. गेलाडाच्या वंशातली माकडं एकेकाळी आफ्रिकेबाहेरही होती. चंदीगडजवळ शिवालिक टेकड्यांच्या भागात मिर्झापूर इथे अशा माकडाच्या जबड्याचे अवशेष मिळाले आणि १९८१मध्ये भारतीय संशोधकांनी ते प्रसिद्ध केले. वय सुमारे दहा लाख वर्षं. म्हणजे गवत खाणारी माकडं आपल्याकडे होती. आपण फक्त दहा लाख वर्षं उशिरा पोचलो.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ते मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. व्हिडिओ दाखव." मी दाखवला. माकडं माती उकरत होती, मागे गाई चरत होत्या. काका हसले. "बघ. म्हटलं नव्हतं मी? गुरंच ती." मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ थांबवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा पोरगा कोण?"

"गाई राखत होता."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही," मी म्हटलं.